‘मला खरं काम कधी मिळणार?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मराठवाड्यातल्या एका गावातून पुण्यात आलेली ही मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. दुसऱ्या सत्रातलं ऑन जॉब ट्रेनिंग (ओजेटी), म्हणजे ४ क्रेडिटचे १२० तास, तिने हट्टाने कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या केंद्रात घेतलं. निम्मे तास संपले, तरी समुपदेशनाच्या खोलीत तिला एकदाही बसू दिलेलं नाही. रजिस्टर भरणं, फायली लावणं, फोन घेणं आणि आया आत बोलत असताना त्यांच्या मुलांना खेळवणं, एवढंच तिच्या वाट्याला आलं. ज्या बाईसाठी तिचा जीव तुटला, ती दोनदा केंद्रात येऊन पुन्हा नवऱ्याकडे गेली. केंद्राने तर त्याला बोलावून दोघांची एकत्र बैठकही घेतली. त्या बाईने मागितला म्हणून तिने स्वतःचा नंबर दिला. आता रात्री मेसेज येतात, ती उत्तरं देते, आणि केंद्रात हे कुणालाच ठाऊक नाही. तिच्या स्वतःच्या घरीही वडील आईला मारायचे. आई आजही तिथेच आहे. ‘घरचं सांगितलं तर मला काढून टाकतील का? खरं काम देणारी दुसरी संस्था शोधू का? की मी या कामासाठी नाहीच?’ असं ती विचारते.

प्रिय मैत्रिणी,

तू तीन प्रश्न विचारलेस. तिन्हींकडे येते. पण जे तू प्रश्न म्हणून विचारलंच नाहीस, जाताजाता एका ओळीत लिहून टाकलंस, ते आधी घेते. बाकीचं आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे थांबू शकत नाही. तू दिलेला तो फोन नंबर.

उद्या केंद्र उघडलं की दुसरं काहीही करायच्या आधी तुझ्या सुपरवायझर ताईंना हे सांग. नंबर कधी दिला, काय काय मेसेज आले, तू काय उत्तरं दिलीस, सगळं. तू मायेपोटी दिलास, याबद्दल मला शंका नाही. पण रात्री अकरा-साडेअकराला तुझा मेसेज पोचतो, तेव्हा तो फोन कुणाच्या हातात आहे हे तुला कळत नाही. अशा घरांमध्ये बायकोचा फोन तपासला जाणं फार नेहमीचं असतं. पासवर्ड नवऱ्याला माहीत असतो, कधी कधी घरात फोनच एक असतो. ‘तुम्ही तिथून निघा, मी आहे’ असं तू एकदा लिहिल्याचं पत्रात म्हटलं आहेस. ते वाक्य त्याने वाचलं तर त्या रात्री तिच्या वाट्याला काय येईल? या क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांना एक गोष्ट अनुभवाने पक्की माहीत असते: बाई घर सोडायच्या विचारात आहे असा नवऱ्याला सुगावा लागतो, तो काळ तिच्या जिवाला सगळ्यात धोक्याचा असतो. म्हणून केंद्रात ‘निघा’ हा शब्द इतक्या जपून वापरतात. आधी सुरक्षेचं नियोजन होतं, कुठे जायचं ते ठरतं, कागदपत्रं कुणाकडे तरी ठेवली जातात, आणि मगच निघण्याबद्दल बोललं जातं.

आता काय करायचं? तिला एकदम ब्लॉक करू नकोस. एवढ्या मुश्किलीने तिने धरलेला हात मध्येच सुटल्यासारखं होईल. मेसेज पुसूही नकोस. त्यात मारहाणीच्या तारखा आणि वेळा आहेत, पुढे तिला त्यांचा उपयोग होऊ शकतो. स्वतःहून मात्र काही पाठवू नकोस. तिला संपर्क करायला सुरक्षित वेळ कोणती, कुठला नंबर, मेसेजमध्ये कुठला साधा शब्द आला की ‘मी अडचणीत आहे’ असं समजायचं, हे तिच्याशी बोलून केंद्र ठरवेल. त्याआधीच एखाद्या रात्री जिवावरचा प्रसंग आला तर ११२, हा तातडीच्या मदतीचा नंबर. ती लावू शकत नसेल तर तू लाव आणि तिचा पत्ता दे. तिच्या घरी जाऊ नकोस, कितीही वाटलं तरी.

ताई रागावतील का? थोडं बोलतीलही. पण हे तुझ्या तोंडून ऐकणं आणि महिनाभराने दुसरीकडून कळणं, यात फार फरक आहे. चूक झाल्यावर ती सांगणाऱ्या विद्यार्थिनीला कुठलंही शहाणं केंद्र सोडत नाही. या कामात लपवाछपवीची भीती जास्त असते.

आता तुझी मुख्य तक्रार. ‘मला खरं काम देत नाहीत.’

तू समुपदेशनाच्या खोलीला खरं काम धरलंस आणि बाकी सगळ्याला वरकाम. मानसशास्त्राच्या वर्गात बसणाऱ्या मुलीला असं वाटणं स्वाभाविक आहे, पण जरा त्या रजिस्टरकडे पुन्हा बघ. बाई कुठल्या तारखेला आली, सोबत कोण होतं, अंगावर काय खुणा होत्या, ती तिच्या शब्दांत काय म्हणाली, हे तू लिहितेस. दोन-तीन वर्षांनी तिचं प्रकरण न्यायालयात उभं राहतं आणि समोरचा वकील विचारतो, ‘एवढं होत होतं तर आधी कुठे तक्रार केली होती?’ तेव्हा तुझ्या हातची ती ओळ तिच्या बाजूने उभी राहते. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात घटना अहवाल, ज्याला केंद्रात सगळे ‘डीआयआर’ म्हणतात, तो संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत (याच कायद्याखाली सरकारने नेमलेले अधिकारी) किंवा नोंदणीकृत सेवा पुरवठादार संस्थेमार्फत दंडाधिकाऱ्यांकडे जातो. तो नीट भरायचा तर मुळातली नोंद नीट हवी. ‘नवऱ्याने त्रास दिला’ आणि ‘नवऱ्याने ताट फेकून मारलं, डाव्या भुवईवर टाके पडले’ या दोन वाक्यांतलं अंतर कधीकधी आदेश मिळणं आणि न मिळणं एवढं असतं. तुला कंटाळा आणणारं हे काम किती नेमकं करता येतं, ते करून बघ. तिचे शब्द आहेत तसे लिही. ‘भांडण झालं’ असं आपल्याकडून सारवून लिहू नकोस.

आणि मुलं. याबद्दल तू सगळ्यात कमी लिहिलंस, मला मात्र याबद्दल सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. आई मुलासमोर बोलू शकत नाही. एक तर त्याला ते ऐकवायचं नसतं. दुसरं म्हणजे चार-पाच वर्षांचं मूल संध्याकाळी घरी जाऊन निरागसपणे सांगून टाकतं की आई आज एका मावशीकडे जाऊन रडली. म्हणजे तू बाहेरच्या खोलीत त्या मुलासोबत चित्रं काढत असतेस, म्हणून आत ती बाई बोलू शकते. तू नसतीस तर तो तास झालाच नसता, किंवा तिने मूल मांडीवर घेऊन ‘सगळं ठीक आहे’ असं सांगितलं असतं.

शिवाय ही मुलं स्वतःही त्या घरातून आलेली असतात. खेळता खेळता ती काहीतरी बोलतात, बाहुलीला मारतात, कुणी दार आपटलं की टेबलाखाली जातात. त्या वेळी खोदून विचारू नकोस, ‘बाबा मारतात का?’ असे प्रश्न करू नकोस. ऐक, आणि मूल गेल्यावर ताईंना सांग. मुलाच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला सांगायचं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांपर्यंत पोचवणं बंधनकारक आहे, आणि ते कसं करायचं हे केंद्राला ठाऊक असतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला कधीही देऊ नकोस. ते पाळता येणार नाही, आणि ज्या मुलाला मोठ्या माणसांचा भरवसा आधीच उरलेला नाही त्याला आणखी एकदा फसवल्यासारखं होईल.

तुला आत बसू का देत नाहीत, याचं उत्तर त्या बाईकडे बघून शोध. तिने हे सगळं माहेरी सांगितलं, मग दवाखान्यात, मग पोलीस ठाण्यात, आणि दर वेळी ऐकणाऱ्यांत कुणीतरी अनोळखी माणूस होतंच. केंद्रात पहिल्यांदा तिला दार लावून एकाच माणसाशी बोलायला मिळतं. तिथे वही घेऊन बसलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी तिला कशी वाटेल? आणि समुपदेशन म्हणजे ऐकून सल्ला देणं एवढंच असतं तर तुझ्या-माझ्यासारख्या कुणालाही ते जमलं असतं. पुढच्या चोवीस तासांत धोका किती आहे याचा अंदाज घेणं, ती ‘जीव नकोसा झालाय’ म्हणते तेव्हा नेमकं काय विचारायचं, कायद्याची माहिती तिच्यावर न लादता कशी द्यायची, हे शिकायला वर्षं जातात.

तरीही केंद्राची एक बाजू मला खटकली. साठ तास झाले आणि तुला आत का घेत नाही हे कुणी समजावून सांगितलेलं नाही, आठवड्यातून एकदा तुझ्यासोबत बसून कुणी बोललेलं नाही. हे बरोबर नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्यात एम.ए.च्या पातळीचं शिक्षण घेणाऱ्या मुलांना फिल्डवर्कमध्ये दर आठवड्याला सुपरवायझरबरोबर वैयक्तिक बैठक असते. मानसशास्त्राच्या ओजेटीवाल्या मुलांसाठी अनेक ठिकाणी ही घडी अजून बसलेली नाही, कारण हा प्रकारच नवा आहे. तर तू ती माग. तक्रारीच्या सुरात नको, ‘मला आठवड्यातून पाऊण तास द्याल का?’ एवढंच. त्या पाऊण तासात नावं-गावं वगळून एखाद्या केसवर चर्चा करता येईल. एखाद्या बाईने स्वतः होकार दिला तर तिच्या सोबत न्यायालयात किंवा सरकारी दवाखान्यात जाता येईल का, असंही विचार. संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कागद पोचवायचे असतील तर ते काम तू घे. या प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी तिचं उत्पन्न विचारात घेतलं जात नाही, हे बहुतेकींना माहीत नसतं. तो अर्ज कसा भरतात हे एकदा बघितलंस तर पुढे आयुष्यभर कुणाला तरी सांगू शकशील.

आता ती बाई परत गेली त्याबद्दल.

तू लिहितेस, ‘इतकं समजावूनही ती गेली, मग आपण केलं काय?’ मला इथे तुला थांबवून विचारायचं आहे, ती परत गेली म्हणजे कुणाचा पराभव झाला असं तू धरून चालली आहेस का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नव्हतं. ही बाई एका अनोळखी दारात येऊन बोलली, आणि दुसऱ्यांदाही आली. ती त्या ७७ टक्क्यांतून बाहेर पडलेली बाई आहे. घरी जाताना तिच्यासोबत काय गेलं ते बघ. कुणाचा तरी नंबर पाठ झाला, आधार कार्ड आणि मुलांच्या दाखल्यांच्या झेरॉक्स बहिणीकडे ठेवायच्या हे कळलं, मारहाण झाल्यावर सरकारी दवाखान्यात जाऊन नोंद करून घ्यायची हे कळलं, शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवायचं सुचलं. हे तिला तुमच्याच केंद्राने दिलं.

घर सोडणं हा एकच मार्ग आहे हेही तू मनात धरलेलं दिसतं. कायदा तसं म्हणत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, आणि त्यात बाईने आधी घर सोडावं किंवा घटस्फोट मागावा अशी अट कुठेही नाही. कलम १७ तिला सामायिक घरात, म्हणजे नवऱ्यासोबत ती राहते त्या घरात, राहण्याचा हक्क देतं. कलम १९ खाली दंडाधिकारी नवऱ्यालाच त्या घरातून दूर राहायला सांगू शकतात. हे घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिचा राहण्याचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. कलम १८ चा संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे तुला केंद्रात दिसतच असेल. अर्ज साठ दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात लिहिलेलं असूनही. पण ‘इथेच राहीन आणि मार खाणार नाही’ असं एखादी म्हणाली तर तिची मागणी भाबडी नसते. कायदा तिच्या बाजूने आहे.

आणि परत जाण्यामागे मुलांची दहावी असेल, माहेरी भावजयीचं तोंड असेल, हातात पैसा नसेल. कधी नवऱ्यावरचं प्रेमही असतं. तुला ते पटायला हवं असं नाही. पण जिच्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय आजवर दुसऱ्याने घेतला तिच्यासाठी तूही निर्णय घेऊ लागलीस, तर तिला आणखी एक हुकूम करणारं माणूस मिळालं, एवढंच होईल. तिसऱ्यांदा दार वाजवताना ‘मागच्या वेळी ऐकलं नाही, आता कोणत्या तोंडाने जाऊ’ असं तिला वाटता कामा नये. यासाठी तुझ्या वागण्यात एक गोष्ट हवी. ती समोर आली की पहिल्या दिवशीसारखंच ‘या, बसा’ म्हणायचं.

एकत्र बैठकीबद्दल मात्र तुझी शंका मला रास्त वाटते. बैठक बाईच्या इच्छेने, तिच्याशी आधी एकटीशी बोलून, धोक्याचा अंदाज घेऊन झाली असेल आणि तिथे ‘मारणं चालणार नाही’ हे नवऱ्याला स्वच्छ सांगितलं गेलं असेल, तर ती तिच्या मागण्या मांडायची जागा असू शकते. दागिने परत हवेत, मुलीची फी भरायची, अशा गोष्टी तिथे पुढे सरकतात. पण ‘दोघांनी थोडं थोडं समजून घ्या’ असा सूर असेल, मारहाण आणि तिचं उलट बोलणं एकाच तराजूत तोललं जात असेल, तर ते समुपदेशन नव्हे, ती बाईला गप्प बसवण्याची रीत झाली. तुझ्या केंद्रात यातलं काय झालं हे मला पत्रावरून कळत नाही, तुलाही बाहेरच्या खोलीतून कळलेलं नसावं. त्या पाऊण तासात पहिला प्रश्न हाच विचार: ‘त्या बैठकीचं कसं ठरलं?’ उत्तरात ‘तिनेच सांगितलं होतं, आम्ही आधी दोनदा तिच्याशी बोललो’ असं काही आलं तर तुझा राग निवळेल. उत्तर ‘संसार मोडू नये म्हणून’ असं आलं, तर संस्था बदलायचं खरं कारण तुला मिळालं. रजिस्टर भरायला लावतात, हे कारण पुरेसं नाही.

बदलायचीच ठरली तर नुसतं ‘दुसरं केंद्र’ असं शोधू नकोस, कामाचा प्रकार शोध. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नारी समता मंच उभा केला, तिथलं काम स्त्रियांना बोलतं करण्यापासून सुरू झालं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयातच स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे पोलिसी यंत्रणा आतून कशी चालते ते शिकता येतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत संस्था आणि महापालिकेने मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, जिथे ‘पाय घसरून पडले’ म्हणत आलेल्या बाईला परिचारिका हळूच दुसरा प्रश्न विचारते. धारावीत ‘स्नेहा’ ही संस्था वस्तीतल्याच बायकांना सोबत घेऊन काम करते. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांना एकाच ठिकाणी सगळी मदत देणारी सरकारी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तुला चौकातलं काम आवडतं, कागदातलं, की माणसांसमोर बसून ऐकण्याचं, हे आधी ओळख.

आणि आता तुझं घर.

सुपरवायझर ताईंना सगळं सांगायची सक्ती तुझ्यावर कुणाचीही नाही. पण एवढं सांगून ठेव: ‘मी अशा घरात वाढले आहे, काही गोष्टी ऐकताना मला त्रास होऊ शकतो, तसं झालं तर मी तुमच्याशी बोलेन.’ काढून टाकतील ही भीती मनातून काढ. या क्षेत्रात कितीतरी जणी अशाच घरांतून आल्या आहेत, आणि त्यांनी हे लपवलेलं नाही. तुझ्या अनुभवामुळे तुला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, गाडीचा आवाज आला की घर कसं गप्प होतं हे तुला ठाऊक आहे. पण त्याच अनुभवामुळे दुसऱ्या बाईच्या जागी तुला तुझी आई दिसू शकते. पत्रात त्या बाईच्या परत जाण्याबद्दल तू दीड पान लिहिलंस आणि ‘आई आजही तिथेच आहे’ हे चार शब्दांत. मी याचा अर्थ लावत बसत नाही. तूच एकदा शांतपणे ते दोन्ही भाग पुन्हा वाच.

मदतीला आलेल्या बाईला मात्र तुझी गोष्ट सांगू नकोस. तिला धीर यावा म्हणून सांगावीशी वाटेल, पण मग ती तुला सांभाळायला लागते, आणि तो तिचा वेळ असतो. तुझ्यासाठी वेगळी जागा हवी. विद्यापीठातलं समुपदेशन केंद्र, बाहेरचा कुणी प्रशिक्षित मानसतज्ज्ञ, किंवा तेही जमेपर्यंत १४४१६ ही मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन, जी मराठीतही बोलते. झोप उडाली, बसमध्ये शेजारी कुणी पुरुष बसला तरी दचकायला झालं, हॉस्टेलवर परतल्यावर तास न् तास कुणाशी बोलावंसं वाटेनासं झालं, तर तास पूर्ण व्हायची वाट बघू नकोस.

आईसाठी काही करता येईल का, हे तू विचारलं नाहीस. तरी सांगते. १८१ ही स्त्रियांसाठीची हेल्पलाइन तिला माहीत असू दे. फोन केला म्हणजे घर सोडावं लागेल असं नाही, हेही तिला सांग. कायद्याने कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यांना माहिती देऊ शकते, आणि त्या घरातली मुलगी म्हणून तुलाही स्वतःसाठी दाद मागता येते. पण आईला न विचारता तिच्या वतीने पाऊल टाकू नकोस. तिच्याशी बोलताना केंद्रात जे शिकतेस तेच वापर. ती काय म्हणते ते आधी ऐक.

या सदराच्या इतर वाचकांसाठीही थोडं, कारण ओजेटीच्या मोसमात अशी पत्रं आणखी येणार.

कॉलेजं इंटर्नशिपचा पुरावा म्हणून जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो, मागतात. अशा केंद्रात तो देऊ नका. निवारागृहाचा पत्ता गुप्त असतो, केंद्राच्या पायरीवरच्या एका सेल्फीत मागे उभी असलेली बाई कुणीतरी ओळखू शकतं. केंद्राच्या लेटरहेडवर हजेरीचं पत्र घ्या आणि विभागप्रमुखांना कारण समजावून सांगा. अहवाल लिहितानाही नाव बदलणं पुरेसं नाही. ‘अमुक तालुक्यातल्या साखर कारखान्यात कामाला असलेल्या नवऱ्याची शिक्षिका बायको’ म्हटलं की अर्ध्या तालुक्याला कळतं. स्टेटस ठेवू नका, मैत्रिणींच्या ग्रुपवर ‘आज काय केस आली होती’ हे लिहू नका. रुजू होण्याआधी केंद्राला विचारा: मला सुरुवातीला प्रशिक्षण देणार का, माझ्यावर देखरेख कुणाची, गोपनीयतेचं पत्र लिहून घेता का, रात्री काही घडलं तर मी कुणाला फोन करायचा? ज्या केंद्राला हे प्रश्न आवडणार नाहीत तिथे जाऊ नका.

निवृत्त माणसं लिहितात की आम्हाला काय जमणार. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाची केंद्रांना फार गरज असते. पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि ज्या बाईने कधी पासबुक हातात धरलं नाही तिला ते भरून द्यायला शांत डोक्याचं माणूस लागतं. मुलगे विचारतात, आम्ही काय करायचं? बहुतेक केंद्रं पुरुष विद्यार्थ्यांना थेट स्त्रियांसोबत ठेवत नाहीत आणि ते योग्यच आहे; पण मुंबईत १९९३ मध्ये सुरू झालेली ‘मावा’ ही संस्था तरुण मुलग्यांसोबत काम करते आहे. नवऱ्यांशी आणि होणाऱ्या नवऱ्यांशी बोलणारे पुरुष या कामात अजून फार थोडे आहेत.

मैत्रिणी, तुझा शेवटचा प्रश्न उरला. तू या कामासाठी आहेस की नाहीस हे साठ तासांवरून मी सांगू शकत नाही, तूही ठरवू नकोस. उरलेले तास पूर्ण कर, फोनची गोष्ट सांगून आणि तो पाऊण तास मागून. मग परीक्षा होऊ दे, घरी जाऊन ये. जूनमध्येही जावंसं वाटलं तर केंद्राला सांग की सहा महिने दर शनिवारी तीन तास मी येईन, मुलांच्या खोलीत. जमेल तेवढंच बोल, पण बोललेले शनिवार चुकवू नकोस. एकदा येऊन नाहीशी होणारी ताई त्या मुलांना नको आहे. आणि जावंसं वाटलं नाही तर पंधरा दिवस आधी कळवून, हातातल्या फायली कुणाला तरी समजावून देऊन निघ. मानसशास्त्राला बाकीचीही पुष्कळ दारं आहेत आणि त्यातल्या कुठल्याही दारातून गेलीस तरी अशी बाई तुला भेटणारच आहे.